टोकियो ते लॉस एंजेलिस: अंतर तेवढंच, मग जाता-येतानाचा वेळ वेगळा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी जानेवारीत टोकियोहून लॉस एंजेलिसला जाणार आहे. या दोन शहरांमधलं हवाई अंतर एका ठिकाणी ८,८००, दुसऱ्या ठिकाणी ५,४७० आणि तिसऱ्या ठिकाणी ४,७५० असं दिसतं. तिकिटावर जातानाचा प्रवास दहा तासांचा आहे, परतीचा पावणेबारा तासांचा. शिवाय जाताना ती संध्याकाळी पाचला निघते आणि त्याच तारखेला सकाळी दहाला पोचते. यातलं खरं काय मानायचं, आणि लॉस एंजेलिसहून पुढचं विमान घ्यायचं असेल तर मध्ये किती वेळ ठेवायचा?

तुम्ही दिलेले सगळे आकडे बरोबर आहेत. ते एकमेकांशी कसे जुळतात ते सांगतो. मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवून तो आराखडा वैमानिकाच्या हाती देणं हे आमचं काम. लांब पल्ल्याच्या विमानाला किती वेळ लागेल, हे रोज नव्याने काढावं लागतं. अंतराचा आकडा मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो.

अंतराचं आधी उरकून घेऊ. ८,८०० हे किलोमीटर आहेत, ५,४७० हे रस्त्यावरचे साधे मैल आणि ४,७५० हे नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग पृथ्वीच्या पाठीवर साधारण एवढा भरतो, म्हणून जहाजं आणि विमानं याच मापात बोलतात. दोन स्रोतांत पन्नासेक किलोमीटरचा फरक दिसला तर तोही समजण्यासारखा आहे. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ आहेत. नारिता पूर्वेला आहे, त्यामुळे तिथून लॉस एंजेलिस पन्नासेक किलोमीटर जवळ पडतं. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी धावपट्टीपासून. शिवाय पृथ्वी पूर्ण गोल नाही. तिची विषुववृत्तावरची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडची सुमारे ६,३५७. गोल धरून केलेलं गणित आणि चपटेपणा धरून केलेलं गणित यांत जास्तीत जास्त अर्धा टक्का फरक पडतो. प्रवाशाच्या दृष्टीने तो सोडून देता येतो.

हे अंतर मोजतात ते बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेवरून. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला पहिल्याच दिवशी पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा दिला होता आणि दोन शहरांवर दोरा ताणून धरायला सांगितला होता. टोकियो आणि लॉस एंजेलिस दोन्ही साधारण ३४-३५ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर एकमेकांच्या अगदी समोर, आडवी रेघ ओढावी असे. पण दोरा ताणला की तो वर सरकतो आणि मध्यावर जवळजवळ ४८ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे अलास्कापासून पश्चिमेकडे पसरलेल्या अ‍ॅल्युशन बेटांच्या खालच्या अंगाला जातो. नकाशावर सरळ दिसणाऱ्या आडव्या वाटेने, म्हणजे अक्षवृत्त धरून गेलं, तर सुमारे ९,३०० किलोमीटर पडतात. दोऱ्याची वाट ८,८०० ची. नकाशा कागदावर सपाट करताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट तिथे कमानीसारखी वाकलेली दिसते. दूरच्या प्रवासाचा नकाशा विमानातल्या पडद्यावर बघून ‘हे इतकं वर का चाललंय’ असं वाटलं, तर घरी दोरा ताणून बघा.

इथवर भूमिती झाली. वेळेचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो समजायला एकच गोष्ट पक्की धरावी लागते: विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं. त्याचा वेग हवेच्या संदर्भात असतो, आणि ती हवा स्वतः कुठेतरी चाललेली असते.

आजची मोठी जेट विमानं लांब पल्ल्यावर ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पटीने उडतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. म्हणजे विमान हवेत ताशी साधारण ९०० किलोमीटर कापतं. हा वेग टोकियोहून निघा किंवा लॉस एंजेलिसहून, सारखाच. आता ती हवाच पूर्वेकडे ताशी १०० किलोमीटरने सरकत असेल, तर पूर्वेकडे जाणारं विमान जमिनीवरून ताशी १,००० किलोमीटरने पुढे जाईल. ८,८०० किलोमीटर जमीन पार करायला त्याला हवेतून ७,९२० किलोमीटरच कापावे लागतील. परतीच्या विमानाला सरासरी ८० किलोमीटरचा वारा समोरून लागला तर जमिनीवरच्या त्याच ८,८०० साठी त्याला हवेतून जवळजवळ ९,६६० किलोमीटर उडावं लागेल. आमच्या आराखड्यात जमिनीवरच्या अंतराशेजारी हा हवेतल्या अंतराचा आकडा छापलेला असतो, आणि इंधन ठरतं ते या दुसऱ्या आकड्यावर. जाताना पावणेनऊ तास आणि येताना पावणेअकरा तास फक्त हवेत, हे यातूनच निघतं. त्यावर जमिनीवरचा वेळ आणि मार्गातली वळणं धरली की तुमच्या तिकिटावरचे दहा आणि पावणेबारा येतात.

बरेच जण समजतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून हा फरक पडतो. तसं असतं तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं होतं, कारण ते हवेत असताना खालचं शहर फिरत फिरत त्याच्याकडे आलं असतं. प्रत्यक्षात उलट घडतं. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि जमिनीवरून उठलेलं विमानही तो वेग सोबत घेऊनच उठतं. खाली जमीन फिरते म्हणून काहीही वाचत नाही. फरक पाडतो तो वारा. वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे का वाहतात याच्या मुळाशी मात्र पृथ्वीचं फिरणं आहे: उष्ण प्रदेशातली हवा ध्रुवाकडे सरकताना फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि जिथे उष्ण व थंड हवा जवळजवळ येते तिथे वर वाऱ्याचा अरुंद, अतिवेगवान पट्टा तयार होतो. तीच जेट स्ट्रीम.

तुम्ही विचारलेला मार्ग तर या वाऱ्याच्या जन्मकथेतलाच आहे. टोकियोच्या उत्तरेला तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे हवामानतज्ज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या वाऱ्यांचा वेध घेत होते. हिवाळ्यात जपानवर फार उंचावर प्रचंड वेगाचा पश्चिमी वारा असतो, हे त्यांनी आकड्यांनिशी नोंदवलं आणि १९२६ साली ते छापलंही. सगळ्या जगाला वाचता यावं म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिलं, आणि नेमकं त्यामुळेच ते फार थोड्या लोकांनी वाचलं. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर उंचावरून आली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना या वाऱ्याने अक्षरशः वाहून नेलं आणि मग बाहेरच्या जगाला तो कळला. नागरी विमानांनी त्याचा फायदा घेतला तो १९५२ च्या नोव्हेंबरात. पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीच्या विमानाने टोकियो ते होनोलुलू हा प्रवास सुमारे ७,६०० मीटर उंचीवरून केला आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला. अंतर तेच होतं. मला ओइशींबद्दल फार आदर वाटतो. आज रोज हजारो माणसं ज्या वाऱ्यावर बसून दोन तास वाचवतात, तो त्यांनी केवळ फुग्यावर नजर ठेवून शोधला.

हिवाळ्यात जपानच्या पूर्वेला हा पट्टा जगात सर्वांत जोरकस असतो, ताशी ३०० किलोमीटरच्या पुढेही जातो. म्हणून जानेवारीत जाण्या-येण्यातला फरक जास्त आणि जुलै-ऑगस्टमध्ये कमी. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि तेव्हा या मार्गांचे तासही बदलतात. मुलीच्या एखाद्या मैत्रिणीने जुलैत हाच प्रवास केला असेल आणि तिचे तास वेगळे असतील, तर त्यात चूक कुणाचीच नाही.

वाऱ्याने जाताना जेवढं मिळतं तेवढंच येताना जातं, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो, असं वाटेल. पण तसं होत नाही. ९,००० किलोमीटरचा मार्ग घ्या. वारा नसेल तर जायला दहा तास, यायला दहा तास. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जायला नऊ तास आणि यायला सव्वाअकरा तास. एक तास मिळाला आणि सव्वा तास गेला. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा असतो.

म्हणूनच डिस्पॅचर दोन्ही दिशांना एकच मार्ग देत नाही. वरच्या वाऱ्यांचे जागतिक अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या दोन केंद्रांकडून दर सहा तासांनी येतात. ते आले की संगणक शेकडो वाटा तपासतो. टोकियोहून पूर्वेला जाणारं विमान बृहद्वृत्त सोडून मुद्दाम दक्षिणेला, जेट स्ट्रीमच्या गाभ्यात शिरतं. परतीचं विमान त्याच गाभ्याला टाळायला उत्तरेकडे, अ‍ॅल्युशन बेटांच्या बाजूने येतं. दोन्ही विमानं ८,८०० पेक्षा जास्त किलोमीटर उडतात आणि दोन्ही त्यामुळेच वेळ वाचवतात. अटलांटिकवर तर लंडन-न्यूयॉर्कसारख्या गर्दीच्या वाहतुकीसाठी समुद्रावरचे समांतर मार्ग रोज दोनदा नव्याने आखले जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी.

लांबची वाट लवकर पोचवते याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून जायचं. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा पूर्वेकडे, पॅसिफिकवरून गेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. जमिनीवरचं अंतर वाढलं, हवेतलं कमी झालं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीतलं. अटलांटिकवर वादळ होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी सुमारे १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. हा आकडा त्या उंचीवरच्या ध्वनीच्या वेगापेक्षा मोठा आहे, तरी विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण हवेच्या संदर्भात ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं. ती मर्यादा खरोखर ओलांडणाऱ्या कॉन्कॉर्डने १९९६ मध्ये हेच अंतर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं होतं. तो विक्रम अजून कायम आहे.

वारा सोडला तर वेळ वाढवणाऱ्या गोष्टींत सर्वांत मोठी म्हणजे बंद आकाश. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर रशियाचं हवाई क्षेत्र अनेक देशांच्या विमानांना बंद झालं. हेलसिंकी-टोकियो हा प्रवास तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास होता, तो तेरा तासांवर गेला. दोन शहरांमधलं अंतर एका सेंटिमीटरनेही बदललं नव्हतं. अशा रात्री डिस्पॅचरच्या खोलीत फार कमी बोलणं होतं. हवेत असलेल्या विमानांना नवी वाट, नवं इंधन, गरज पडली तर मध्ये उतरायचा विमानतळ, सगळं एकाच वेळी शोधावं लागतं. शीतयुद्धाच्या काळात युरोपातून जपानला जाणारी विमानं याच कारणाने अलास्कातल्या अँकरेजला थांबत जात. कोपनहेगन-अँकरेज-टोकियो ही ध्रुवावरची सेवा १९५७ साली सुरू झाली होती.

बाकीची कारणं झटपट सांगतो. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम आहे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढली, पुढे ती १८० आणि त्याहूनही पुढे गेली. सिडनी-सँटियागोसारख्या दक्षिण गोलार्धातल्या मार्गांवर खाली नुसता समुद्र आणि बर्फ असल्याने ही मर्यादा फार महत्त्वाची ठरते. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तीन हजार मीटरच्या आसपास उतरायचं असतं, आणि तिथे तेवढी जागाच नाही, म्हणून बहुतेक मार्ग त्याला वळसा घालतात. ध्रुवीय मार्गावर इंधनच गोठण्याची चिंता असते. जेट ए-१ इंधनाची मर्यादा उणे ४७ अंशांची आहे, आणि हवा फार थंड असली तर वैमानिक खाली येतो किंवा वेग थोडा वाढवतो.

‘वैमानिकाने जरा जोरात नेलं तर उशीर भरून निघेल ना?’ असं खूप जण विचारतात. ०.८५ ऐवजी ०.८७ पटीने उडवलं तर दहा तासांत तेरा-चौदा मिनिटं वाचतात, आणि त्यासाठी बरंच जास्त इंधन जाळावं लागतं. दोन तासांचा उशीर हवेत भरून निघत नाही, हे मनाशी धरून चाला.

इंधनाचा विषय निघालाच आहे, तर पालक म्हणून तुमच्या मनात येणारी एक शंका दूर करतो. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला तर काय? वाऱ्याचा अंदाज धरून काढलेल्या इंधनावर नियमानुसार साधारण पाच टक्के जास्तीचं असतं, ठरलेल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं वेगळं असतं, आणि त्यानंतरही शेवटची तीस मिनिटं हवेत राहता येईल एवढं राखीव असतं, ज्याला नेहमीच्या उड्डाणात कुणी हात लावत नाही. एवढं करूनही वारा पुरून उरेल असं दिसलं, तर विमान मध्ये कुठेतरी उतरवून इंधन भरून घेतात. अटलांटिकवर कडक हिवाळ्यात लहान विमानं पश्चिमेला जाताना न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला अशी उतरलेली आहेत. प्रवासी वैतागतात, पण निर्णय बरोबर असतो.

आता तिकिटावरचे तास. ते हवेतले तास नसतात. त्यांना आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांखालचे चॉक, म्हणजे विमान सरकू नये म्हणून लावलेले ठोकळे, काढून विमान हलतं तिथे हा वेळ सुरू होतो आणि पोचल्यावर चॉक लागले की संपतो. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, उड्डाणानंतरचं वळण, उतरताना आकाशात थांबावं लागणं, उतरल्यावर दारापर्यंत येणं, हे सगळं त्यात आलं. मोठ्या विमानतळांवर नुसतं धावपट्टीपर्यंत पोचायला वीस-तीस मिनिटं सहज जातात. शिवाय कंपन्या त्या मोसमातल्या आधीच्या उड्डाणांकडे बघून थोडी मोकळीक धरतात. म्हणून पूर्वेकडे जाणारं विमान पुष्कळदा अर्धा तास आधी पोचतं आणि मग दार रिकामं नाही म्हणून बाहेर उभं राहतं.

निघण्याआधीच पोचण्याचं कोडं त्याहून सोपं आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावाच्या असतात. टोकियोचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या नऊ तास पुढे, लॉस एंजेलिसचं हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणजे दोघांत सतरा तास. उन्हाळ्यात अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते आणि जपान करत नाही, म्हणून तेव्हा सोळा. टोकियोचे संध्याकाळचे पाच म्हणजे जागतिक वेळेचे सकाळचे आठ. लॉस एंजेलिसचे सकाळचे दहा म्हणजे जागतिक वेळेचे संध्याकाळचे सहा. आठ ते सहा, दहा तास. परतताना दुपारी एकला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला पोचेल. ते एकूण पावणेएकोणतीस तास दिसतात, त्यातले सतरा वजा केले की पावणेबारा. मध्ये वाररेषा ओलांडली जाते म्हणून जाताना एक तारीख दोनदा जगायला मिळते आणि येताना एक जवळजवळ हातची जाते. कोणत्याही दोन शहरांसाठी हेच करा: दोन्ही वेळा जागतिक वेळेत बदला आणि मग वजाबाकी करा. घड्याळांतला फरक थेट बेरजेत धरायला गेलं की चिन्हाची चूक होते, आणि ती मी अनुभवी माणसांच्या हातूनही होताना पाहिली आहे.

पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःलाच अंदाज काढायचा असेल तर असं करा. किलोमीटरला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. नऊशेऐवजी साडेआठशे घेतले की चढण-उतरण आणि वळसे त्यातच येतात. टोकियो-लॉस एंजेलिससाठी हे अकरा तासांच्या जरा पुढे येतं. मार्ग मुख्यतः पूर्व-पश्चिम असेल आणि मध्य अक्षांशांतून जात असेल, तर पूर्वेकडे जाताना पाच ते दहा टक्के कमी करा आणि पश्चिमेकडे जाताना तेवढेच वाढवा. लंडन-न्यूयॉर्कचे ५,५४० किलोमीटर या हिशेबाने सव्वासात तास होतात. वेळापत्रकात पूर्वेकडचे सात तासांच्या आसपास आणि पश्चिमेकडचे आठ तासांच्या आसपास असतात. पर्थ-लंडन हे सुमारे १४,५०० किलोमीटरचं थेट उड्डाण २०१८ मध्ये सुरू झालं. तिथे हिशेब पावणेअठरा तास देतो आणि वेळापत्रक सव्वासतरा-साडेसतरा देतं.

सिंगापूर-न्यूयॉर्क या सर्वांत लांब नियमित मार्गासाठी तर अंतरही तोंडी काढता येतं, आणि मला हे गणित फार आवडतं. दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक आहे, म्हणजे ती पृथ्वीगोलाच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना आहेत आणि त्यांच्यातली जवळची वाट उत्तर ध्रुवाला अगदी चाटून जाते. सिंगापूर १.३६ अंश उत्तरेला, तिथून ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश. न्यूयॉर्कचा विमानतळ ४०.६४ अंशांवर, ध्रुवापासून ४९.३६ अंश. बेरीज १३८ अंश. प्रत्येक अंशाचे साठ नॉटिकल मैल धरले तर ८,२८०, म्हणजे साधारण १५,३३५ किलोमीटर. अधिकृत आकडा याच्या पुढे-मागे पंधरा किलोमीटरवर आहे. ८५० ने भागून पाऊण तास मिळवला तर पावणेएकोणीस तास येतात आणि वेळापत्रकही तेवढेच सांगतं. तरी प्रत्यक्षात हे विमान न्यूयॉर्ककडे जाताना पुष्कळदा ध्रुव सोडून पॅसिफिकवरून, पाठचा वारा घेत लांबून जातं. यासाठी वापरतात त्या ए३५०-९००यूएलआर विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं. पूर्ण भरलेलं असताना विमानाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा इंधनाचाच असतो, म्हणून ते सुरुवातीला खालच्या उंचीवर उडतं आणि हलकं होत जाईल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं.

मध्ये थांबा असेल तर आधी वळसा किती पडतो ते बघा. लंडन-सिडनी सरळ सुमारे १७,००० किलोमीटर आहे. सिंगापूरवरून गेलं तर सुमारे १७,२००, म्हणजे थांबा जवळजवळ वाटेवरच. लॉस एंजेलिसवरून गेलं तर २०,८००, म्हणजे चार तास जास्तीचं उडणं. वाटेवरचा थांबासुद्धा उतरणं, चढणं आणि जमिनीवर सरकणं यांत अर्धा-पाऊण तास घेतोच, विमान बदलण्याचा वेळ वेगळा. १९४७ मध्ये सिडनीहून लंडनला जाणारं विमान सहा ठिकाणी थांबत चार दिवसांनी पोचायचं. ते आठवलं की आजचे तास थोडे वाटतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. पुढच्या विमानासाठी वेळ ठेवताना उड्डाणाच्या तासांपेक्षा उतरल्यानंतरचं बघा. अमेरिकेत प्रवासी जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन होतं, सामान ताब्यात घ्यावं लागतं, कस्टम्समधून बाहेर पडून पुन्हा जमा करावं लागतं आणि सुरक्षा तपासणीतूनही नव्याने जावं लागतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर मी तीन तास ठेवेन. वेगवेगळी तिकिटं असतील तर पाच, कारण पहिल्याला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी थांबणार नाही आणि तिकीटही बदलून देणार नाही. जाताना वारा पाठीशी असल्याने विमान वेळेत किंवा थोडं आधी पोचण्याची शक्यता चांगली आहे. उशीर झालाच तर तो बहुधा टोकियोहून निघतानाचा असेल.

परतीच्या दिवशी मात्र काळजी घ्या. जानेवारीत समोरचा वारा जोरात असला तर पावणेबाराचे सव्वाबारा तास होऊ शकतात. टोकियोहून तिला त्याच संध्याकाळी आणखी पुढे जायचं असेल आणि मध्ये दीडच तास असेल, तर मी ते तिकीट घेणार नाही. तीन तासांच्या फरकाचं विमान असेल तर ते घ्या. नाहीतर तिला तिथे रात्रभर राहू द्या आणि सकाळचं विमान घ्या. निघायच्या आदल्या रात्री उड्डाण क्रमांक टाकून त्याच उड्डाणाने मागच्या चार-पाच दिवसांत प्रत्यक्ष किती वेळ घेतला ते बघून ठेवा. त्या आठवड्याचा वारा कसा आहे ते तिथे लगेच कळेल.